वरचा, खालचा

वाईत माल भरताना
वेफर्सची पाकिटं शहाण्यासारखी असतात,
अंग चोरून, एका खोक्यात पन्नास.
पसरणीचा घाट लागला की त्यांना कंठ फुटतो.
पहिल्या चार वळणांत कुजबुज,
अर्ध्या घाटात करकर,
आणि दांडेघरचा नाका येईतो
पाकीट न् पाकीट टम्म,
लग्नात मानपान चुकलेल्या मावशीसारखं.

सिराजभाई खोकं उघडतात, म्हणतात,
"राव, जरा जागा ठेवून भरत जा."
सणस शेठ म्हणतो, "पन्नास बसतात. बसवायची."
दोघांच्या मधे मी
आणि सेकंड गिअर.

सानिका अकरावीला आहे, सायन्सला.
तिला विचारलं, वर गेल्यावर यांत हवा कोण भरतं गं?
वहीतून मान न काढता म्हणाली,
"कुणी नाही भरत. आतली तेवढीच असते, पप्पा.
बाहेरून दाबणारी कमी होते."
आणि पुढचं गणित.
रविवारी तिची टेस्ट होती.
पेनाचं टोपण चावून चावून चपटं झालेलं.

सरकारी दवाखान्यात मुजावर सिस्टरनी
दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबत गेल्या.
हात बधिर. मग हळूहळू हवा सोडली.
"वरचा एकशेसाठ, खालचा शंभर."
मी म्हटलं, सिस्टर, रोज दोन खेपा करतो,
वरचं-खालचं मला काय सांगता.
त्या हसल्या नाहीत.
मीठ बंद, म्हणाल्या.
गाडीत मागे बावीस खोकी मीठच होतं.

तात्या चार वर्षं अंथरुणावर होते.
दर दोन तासांनी कूस बदलायची,
नाहीतर स्वतःच्याच वजनानं
माणसाची पाठ सडते.
बाराला मी, दोनला लता, चारला पुन्हा मी,
साडेपाचला गोडाऊन.
चार वर्षांत गाडीला ओरखडा नाही,
कुणाला वाकडा शब्द नाही,
डोळ्यांत पाणी तर नाहीच.
गडी लोखंडाचा आहे, म्हणायचे लोक.
मलाही खरं वाटायचं.

तेरावं झालं. मांडववाला बांबू घेऊन गेला.
त्या रात्री मी सात तास झोपलो.
सात. कुणी हाक मारली नाही.
सकाळी नेहमीसारखा माल भरला,
नेहमीसारखा घाट,
आणि नवव्या वळणावर
मागे एक पाकीट फुटलं.
फट्. एवढंच.

गाडी कडेला घेतली. चाकाला दगड लावला.
कठड्यावर बसलो तो
हुंदका कुठून आला कळलंच नाही,
पोटातून, पाठीतून, त्या चार वर्षांच्या सगळ्या रात्रींतून.
खाली धोमचं पाणी, आणि त्याला धरून उभी
बोटभर दिसणारी भिंत.
मागून एसटी आली. ड्रायव्हरनं वेग कमी केला.
"काय पाव्हणं, हवा गेली?"
हो म्हटलं.

आता मी खोक्यातून दोन पाकिटं काढून
शेजारच्या सीटवर ठेवतो.
अठ्ठेचाळीस जातात निवांत.
शेठला सांगितलेलं नाही.

उतरताना दुसरीच गंमत.
महाबळेश्वरात रिकामी केलेली पाण्याची बाटली
झाकण घट्ट लावून सीटखाली टाकतो.
वाईत येईतो तिचे गाल आत गेलेले असतात,
वरची विरळ हवा पोटात घेऊन
ती खाली येते, आणि खालचं तिला सोसत नाही.
लता ती धुवायला घेते. झाकण फिरवते.
बाटली श्वास ओढते,
ठक् करून गाल भरतात.
लता दर वेळी दचकते.

दोनला तिला अजून जाग येते.
चारला मला.
अंधारात पाय जमिनीवर टेकतात,
मग आठवतं.
कूस बदलायला कुणी उरलेलं नाही,
तेव्हा आपलीच बदलतो
आणि पडून राहतो.